फळ्यावरचा आकडा

सकाळी साडेसातला, अंधारातच,
मी दुकानाबाहेरच्या फळ्यावर हवामान लिहिते.
रेडिओ खिडकीत, खडू हातमोज्यातून अर्धा बाहेर.
हे काम मला कुणी सांगितलेलं नाही.
आधी विल्मा लिहायची. तिचे गुडघे गेले,
खडू माझ्याकडे आला.

आज: ढगाळ, उणे तीन, वारा नैऋत्येचा.
उद्या: तेच, दुपारनंतर भुरभुर.
परवावर निवेदक जरासा अडखळला,
घसा खाकरून म्हणाला, उणे चार.
पुढचे दिवस त्याने ‘शक्यता’ या शब्दावर ढकलून दिले.

बाल्टिकमधल्या या एवढ्याशा बेटावर
हवामान हा गप्पांचा विषय नाही.
फेरीबोट पंधरा दिवस धक्क्याला बांधलेली,
समुद्र धड पाणी नाही, धड रस्ता नाही,
थिजत आलेली लापशी नुसती.
एंडेल रोज बर्फात भोक पाडतो, पट्टी बुडवतो,
आणि परत येताना लांबूनच बोटांनी आकडा दाखवतो:
दहा, मग पाच, मग अर्धा मुडपलेला अंगठा.
बावीस सेंटीमीटर लागतात.
तेव्हा दोन्ही कडांना ज्युनिपरच्या फांद्या रोवतात,
आणि मोटारी निघतात पलीकडे, पट्टे न बांधता,
वेळ आलीच तर उडी मारता यावी म्हणून.

लेइदा पाव घ्यायला येते. पाव घेत नाही.
घसरगाडीचा दांडा धरून फळ्यासमोर उभी राहते,
लाल हातमोज्याच्या उसवलेल्या अंगठ्याने चष्मा पुसते,
पुन्हा वाचते,
दुसऱ्या वाचनात थंडी वाढेल जणू.
“रायवो म्हणतो, रस्ता झाला तर येतो.
नाहीतर मग उन्हाळ्यात बघू.”
उन्हाळ्यात बघू, हे तो तीन उन्हाळे म्हणतोय.
त्याच्यासाठी धुरावलेला मासा
दोनदा आम्हीच खाल्ला, सगळ्या गल्लीने.
“चाराने काय होतं गं?” ती म्हणाली.
मी म्हटलं, मी फक्त लिहिते.

ती गेली. घसरगाडीची पाती करकरत राहिली वळणापर्यंत.
गिऱ्हाईक नव्हतं. वारा पडला होता.
मी चाराच्या आधी एक काढला.
बोटभर उंच, जरा तिरपा.
उणे चौदा.

दुपारपर्यंत अर्ध्या बेटाने तो वाचला.
मास्तरांनी टोपी मागे सारली.
नऊ वर्षं अबोला धरलेल्या दोघी बहिणी
एकाच वेळी “अरे वा” म्हणाल्या
आणि रागारागाने उलट दिशांना निघून गेल्या.
घरोघरी रेडिओ आहे.
सकाळचं उणे चार घरोघरी ऐकलेलं.
कुणी काही बोललं नाही.

एंडेल आला. फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
काडेपेटी घेतली, नाणी मोजली.
“चौदा,” म्हणाला. “बरं.”
मग दारातून, पाठमोरा:
“बर्फाला वाचता येत नाही, एवढं लक्षात ठेव.”

त्यानंतर हातून काहीच नीट होईना.
रायवोची निळी मोटार मी एकदाच पाहिलेली,
तीच दिसत राहिली, पांढऱ्यावर, नाकावर कलंडलेली.
चारला काळोख पडला. ओलं फडकं घेऊन बाहेर धावले.

एक नव्हता.
कुणीतरी आधीच पुसला होता, घाईत नाही,
चाराला धक्का न लावता, कडेकडेने.
फळ्यावरच्या हिमकणांत
लाल लोकरीचा एक धागा चिकटला होता.

त्यावर आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाव घेतला,
काळा, अर्धा, आणि म्हणाली, शिळा आहे.

आज थंडी मी म्हणतेय.
निवेदकाने रविवारसाठी उणे सोळा सांगितलं, न अडखळता.
मी रेडिओ बंद केला, पुन्हा लावला.
बाहेर आले. खडू उचलला.
उणेची आडवी रेघ ओढली
आणि एक काढायला हात उचलेना.